तीन निरोगी माणसं

सोलापूर, १४ जून

डॉ. बिरुदेव यांस,

पाकिटावर 'डॉक्टर' लिहिलं नाही तर तुमच्या हैदराबादच्या कंपनीतला शिपाई पत्र तुझ्या टेबलापर्यंत आणणार नाही, एवढ्यासाठी लिहिलं. हुरळून जाऊ नकोस. व्हॉट्सअॅपवर तू मला ब्लॉक केलं आहेस, ईमेल उघडत नाहीस. स्पीड पोस्ट मात्र सही करून घ्यावं लागतं. सही केलीच आहेस, तर आता वाच.

आधी अभिनंदन. पूनमशी तुझा साखरपुडा झाला त्या दिवशी 'विजू लॅबमध्ये अडकली' असं केराआत्यानं, म्हणजे तुझ्या मातोश्रींनी, सगळ्या पाहुण्यांना सांगितलं. मी घरातच होते, मागच्या खोलीत. तुझं भाषण अक्षर न् अक्षर ऐकलं. 'संशोधन ही साधना आहे, मामा,' असं तू आमच्या आण्णांना सांगत होतास. आण्णा बिचारे घोंगड्यांचे व्यापारी, ते मान डोलवत होते. हा साधक लॅबच्या फ्रिजमध्ये रक्ताच्या नळ्यांशेजारी शेंगाचटणीचा डबा ठेवायचा आणि वर 'सरांना सांगू नको' म्हणायचा, हे त्यांना कोण सांगणार!

लहानपणापासून घरात 'बिरूला विजू' असं चाललं होतं. मामाची मुलगी, हक्काची. मग तुला कळलं की विजू उलट बोलते, तुझ्याच विषयात पीएचडी करते आणि तुझ्या आलेखातल्या चुका चारचौघांत दाखवते. भाजीवाल्याकडं माणूस एक वांगं दाबून बघतो, ठेवतो आणि शेजारचं उचलतो, तसं तू माझ्या धाकट्या बहिणीला उचललंस. आत्यानं पिशवी उघडून धरली. माझी तक्रार नाही. पण हे पत्र त्यासाठी नाही.

हे पत्र तुझ्या पेपरसाठी आहे. सोप्या भाषेत लिहिते, उद्या घरातल्या कुणाच्या हाती पडलं तर त्यांनाही कळावं म्हणून.

आपल्या पेशींत रोज कचरा साठतो. तो फोडायला एक एंजाइम लागतं. ते तयार करणाऱ्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. दोन्ही बिघडलेल्या असल्या की कचरा साठतच जातो, आणि तुझ्या तपासणी कॅम्पातल्या सुंदरम्माच्या सिद्धनाथसारखं पोर बसायला शिकतं नि मग बसायचं विसरतं, हसायचंही विसरतं. एकच प्रत बिघडलेली असेल तर माणूस ठणठणीत असतो. फक्त त्याचं एंजाइम निम्मं भरतं. त्याला वाहक म्हणतात. सिद्धनाथचे आईबाप वाहक असणारच, म्हणजे त्यांचं एंजाइम निम्मं भरायला हवं होतं. तुझ्या पेपरात ते पूर्ण भरलं! तीन निरोगी माणसांच्या बरोबरीनं भरलं. त्यावर तू जाहीर केलंस की आपल्याकडच्या वाहकांच्या पेशींत ही कमतरता भरून काढणारी एक नवीनच यंत्रणा आहे. आपले मार्गदर्शक मल्लिनाथ सर, त्यांना पुरस्कार मिळाला, तुला नोकरी मिळाली, आणि मला प्रबंधाचा विषय मिळाला: ती यंत्रणा शोधून काढ.

ती मी शोधते आहे. पेशी वाढवल्या, मारल्या, रंगवल्या, चिरल्या. यंत्रणा काही सापडत नाही. शेवटी मी नवी निरोगी माणसं गोळा केली. यंत्रमागावरचे कामगार, नर्सिंगच्या मुली, आपल्या कँटीनचा राजेसाब. या सगळ्यांशेजारी ठेवल्यावर सिद्धनाथचे आईबाप निम्मेच भरतात. पुस्तकात लिहिलंय तसेच.

म्हणजे यंत्रणा वगैरे काही नाही. तुझी निरोगी माणसंच कमी भरत होती. पेपरात तू त्यांना, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्यांना, 'कंट्रोल एक, दोन, तीन' म्हटलं आहेस. तीन निरोगी पुरुष, तिघांचंही वय सत्तावीस. कोण होते हे तिघे? एका ओळीचं उत्तर पुरे.

विजयमाला


सोलापूर, ३ जुलै

बिरुदेव,

तू मला उत्तर दिलं नाहीस, सरांना फोन केलास. अपेक्षाच होती. सरांनी मला केबिनमध्ये बोलावून समजावलं की 'आपल्या लोकांचं नॉर्मलच मुळात कमी असेल, विजयमाला, पाश्चात्त्यांची मापं आपल्याला कशाला?' राजेसाबचं पूर्ण भरतं, तोही आपलाच आहे, असं मी म्हटलं. त्यावर ते खिडकीबाहेर बघायला लागले. मग मी सरळ विचारलं, तिघं कोण? सर हसले. म्हणाले, 'अगं, बिरूचंच घ्यायचो की. घरचा माणूस.'

आपल्या लॅबची ही रीत मला माहीत होती. निरोगी रक्त लागलं की सकाळी जो समोर दिसेल त्याची बाही वर. आम्हा मुलींचं हिमोग्लोबिन कमी, असं सरांनी न तपासताच ठरवलेलं, म्हणून आमची बाही कधी वर झाली नाही. पण एकाच माणसाच्या तीन सोमवारच्या तीन नळ्या म्हणजे तीन माणसं, हे गणित मला नवीन होतं. बाहेर जाऊन दोन माणसांना विनंती करायची, काय चाललंय ते समजावून सांगायचं, सही घ्यायची, एवढ्याचा तुला कंटाळा आला. तुझी साधना ही अशी.

नळ्या अजून डीप फ्रीझरमध्ये आहेत. लाइट जातात, जनरेटर चालतो, बंद पडतो, तरी तू तिथं आपला गोठून बसलेला आहेस. मी तिन्हींतला डीएनए तपासला. तिन्ही एकाच माणसाच्या, आणि त्या माणसाच्या जनुकाची एक प्रत बिघडलेली आहे. सिद्धनाथमध्ये जो बिघाड आहे अगदी तोच, त्याच जागी.

तू वाहक आहेस, बिरुदेव.

तुला हे कसं सुचलं नाही याचं मला राहून राहून नवल वाटतं. सिद्धनाथचं गाव म्हणजे आत्याचं सासर. सुंदरम्मा तुमच्या भावकीतली. तुझे आजोबा आणि तिचे आजोबा एकाच रानात मेंढरं घेऊन बसायचे. पण तू तिथं कॅम्पला पांढरा कोट घालून गेलास, ती माणसं दारात चपला काढून उभी राहिली, आणि तुझ्या डोक्यात वाटणी पक्की झाली. आजार त्यांचा, निरोगीपणा आपला. सुईच्या त्या बाजूची माणसं आणि या बाजूची माणसं नात्यातली असू शकतात हे तुझ्या मनाला शिवलंही नाही.

आता नीट वाच. पूनम तुझ्या मामाची मुलगी आहे. हा दोष तुझ्या वडिलांकडून आला असेल तर आमच्याकडं नसेलही. आत्याकडून आला असेल तर आत्या आणि आण्णा सख्खे भाऊबहीण. पूनमही वाहक निघाली तर तुमच्या प्रत्येक मुलामागं चारात एक भीती. सिद्धनाथ तू पाहिलेला आहेस. त्याची मान कशी धरावी लागते तेही.

करायचं एवढंच आहे. तू हैदराबादला नव्यानं रक्त दे, आणि पूनमला तू स्वतः सांग. लग्न मार्गशीर्षात आहे, वेळ भरपूर आहे. मी तिला सांगत नाही, कारण मी सांगितलं तर लोक काय म्हणतील ते तुलाही माहीत आहे आणि मलाही.

विजयमाला


सोलापूर, २५ जुलै

बिरुदेव,

वा. पत्राचा फोटो काढून आईला पाठवलास! चौतिसाव्या वर्षी, डॉक्टरेट घेऊन, आईला.

आत्या जीप करून आली. चप्पल न काढता आत आली आणि आण्णांच्या पुढ्यात मोबाइल आपटला. तुझ्या माहितीसाठी सगळं लिहिते, म्हणजे तू काय पेटवून दिलंस ते कळेल.

"शाजी भावा, वाच तुज्या ल्येकीचे परताप! माज्या पोराच्या रगतात किडं हायत म्हनं! आगं भवाने, तुला न्हाय केली म्हनून सख्ख्या भनीचा संसार मोडाय निगालीस व्हय?"

मी म्हटलं, "आत्या, किडे नाहीत. दोष आहे, आणि त्यात कुणाची चूक नाही."

"दोश तुज्या त्वांडात हाय. माजा बिरू घोड्यावानी हाय, कवा शिंकला न्हाय."

आण्णा म्हणाले, "विजे, गप बस की जरा." माझ्या वडिलांनी मला आजवर कधी गप बसवलं नव्हतं. पूनम आत चहा करत होती. चहा उकळून उकळून काळा झाला तरी ती बाहेर आली नाही.

तू आण्णांनाही मेसेज केलास की मी परवानगी न घेता तुझा डीएनए तपासला, हा गुन्हा आहे, तू माझ्यावर कारवाई करू शकतोस. कर. परवानगी घ्यायला हवी होती हे खरंच आहे. फक्त तू कागदोपत्री तीन माणसं होतास, तिघांपैकी नेमकी कुणाची घ्यायची होती ते कळव.

आणि तुझा शेवटचा मेसेज: 'ती जळते आहे.' पूनमच्या फोनवर पाठवलास, तिनं मला दाखवला. तर यावर माझं म्हणणं ऐकून घे. हो, जळत होते. तू मला नको होतास, पण नाही म्हणायचा मान मला हवा होता. तो तू आधी घेऊन मोकळा झालास. तेवढ्या एका गोष्टीचा राग मला अजून येतो. पण त्या रागानं माझ्या यंत्रावरचे आकडे बदलत नाहीत. बदलत असते तर मीही तुझ्यासारखी केव्हाच पास झाले असते.

एक गोष्ट मात्र तुला माहीत नसेल. सुंदरम्माचा धाकटा भाऊ प्रभु आठवतो? तुझ्या कॅम्पमध्ये त्याचंही रक्त घेतलं होतंस. तुझ्या मापावर तो 'नॉर्मल' ठरला. तू स्वतः त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलंस, 'बिनधास्त लग्न कर.' दिवाळीनंतर तो मामाची मुलगी करतो आहे. माझ्या मापावर प्रभु निम्मा भरतो. मी परवा एसटीनं गावी जाऊन हे त्यांना सांगून आले. सुंदरम्मानं मला पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, तुमचं आनि बिरूसायबांचं बिनसलंय म्हनं. आमी गरीब मानसं, आमाला त्यात नगा घेऊ. सायेब सोता सांगून गेल्यात." म्हणजे तुझी कीर्ती माझ्या आधी तिथं पोचली होती.

त्या माणसांना तू खोटं सांगून आला आहेस. ते खोडायलाही तूच लागतोस, ही यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट आहे.

विजयमाला


सोलापूर, १९ ऑगस्ट

बिरुदेव,

काल पूनम लॅबमध्ये आली. चादरीच्या कारखान्याच्या ऑफिसातून अर्धी सुट्टी टाकून, डबा हातात. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आली. लॅब बघून तिला फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. "एवढंच होय," म्हणाली.

तुला वाटतं पूनम गरीब गाय आहे, म्हणून तू तिला पसंत केलंस. मलाही तेच वाटत होतं. इथं आपल्या दोघांचं मत जुळतं, आणि दोघंही तोंडावर पडलो आहोत.

तिनं आत्याच्या मोबाइलवरून माझं पत्र स्वतःकडं घेतलं होतं. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "ताई, यातलं किती खरं आणि किती तुझा राग, ते वेगळं करून सांग."

मी सांगितलं. कागदावर चार गोल काढले, प्रती दाखवल्या, तुझी बिघडलेली प्रत लाल रंगवली. तिनं दोन प्रश्न विचारले. असं पोर किती जगतं, हा पहिला. पोटात असताना कळतं का, हा दुसरा. दोन्ही प्रश्न तू कधी विचारले नव्हतेस, तुझ्या पेपरात त्यांना जागाच नव्हती.

मग तिनं तुला फोन लावला, स्पीकरवर. तू ऐकून घे तू काय बोललास, कारण तुला ते आठवणार नाही.

"अहो, ताई म्हणते दोघांनी रक्त द्यावं. तुम्ही तिकडं द्या, मी इथं देते."

"मी कशाला? पूनम, मी कंट्रोल होतो. कंट्रोल म्हणजे निरोगी माणूस. तिला एवढं साधं विज्ञान कळत नाही आणि ती पीएचडी करते!"

"पण नळीत सापडलंय म्हणते."

"तू तिचं ऐकणार की माझं?"

"बरं," पूनम म्हणाली आणि फोन ठेवला. मी चिडून नळ्यांचा स्टँड आपटला. ती मात्र शांतपणे बाही वर करत होती. म्हणाली, "आधी तू दे. मग मी."

मी म्हटलं, मला काय गरज? मला लग्न करायचं नाही.

"गरज असो नसो. उद्या आत्या म्हणेल, थोरलीनं धाकटीलाच तेवढं टोचलं. दोघींचं जाऊ दे."

तर दोघींच्या नळ्या पुण्याच्या एका लॅबला पाठवल्या आहेत. नावं घातली नाहीत, खुणा घातल्या आहेत. मी तपासलं तर माझा राग आकड्यांत शिरला म्हणाल, म्हणून मी हातही लावला नाही. निकालाला वेळ लागेल. तोवर तू तुझी साधना चालू ठेव.

विजयमाला


सोलापूर, २२ सप्टेंबर

बिरुदेव,

निकाल आला. पूनमच्या दोन्ही प्रती चांगल्या आहेत. तुमच्या मुलांना हा आजार होणार नाही. फार तर तुझ्यासारखं एखादं वाहक होईल, आणि बापावर गेलं तर तेही सांगत फिरेल की मी कंट्रोल आहे.

अहवाल वाचल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते तुला लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. मला वाईट वाटलं. पूनमच्या रक्तात दोष निघायला हवा होता, लग्न मोडायला हवं होतं, आत्यानं, आण्णांनी, तू, सगळ्यांनी येऊन म्हणायला हवं होतं की विजू, तुझंच खरं. माझ्या सख्ख्या बहिणीच्या कुशीत मला खोट हवी होती, बिरुदेव. किती वेळ? असेल क्षणभर. पण तेवढा वेळ मी तुझ्याच पंक्तीला पाट मांडून बसले होते, आणि मला माझी किळस आली. मग मी दुसरं पान उलटलं.

दुसरं पान माझं होतं. दोष माझ्यात आहे. तोच, त्याच जागी. म्हणजे बहुधा आत्याच्याच माहेरचा वारसा, तुला तिच्याकडून आला, मला आण्णांकडून; त्या गावाशी आमच्या घरच्या सोयरिकी पिढ्यान्पिढ्यांच्या आहेतच. मी माझी नळी पाठवली ती पूनमच्या हट्टापायी, आणि महिनाभर तिचा एकदाही विचार केला नव्हता. या आजारावर मी पाच वर्षं घालवली आहेत. तरी तो माझ्यात असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुला जे जे म्हणून हिणवलं ते आता मला परत वाचवत नाही.

घरच्यांच्या मनासारखं 'बिरूला विजू' झालं असतं तर चारात एक सिद्धनाथ आपल्या घरात असता. तू मला नाकारलंस ते माझ्या जिभेपायी. तरीही तुझं नशीब बघ. तुला न कळता चांगलं घडतं, आणि तू ते आपली हुशारी म्हणून मिरवतोस.

पेपरबद्दल: मी मासिकाला सगळे आकडे पाठवले आहेत. सरांनी माझ्या प्रबंधावर सही करायला नकार दिला. त्या यंत्रणेवरचं तिसरं प्रकरण तर गेलंच, पहिली दोन तिच्याच आधारावर उभी होती, तीही गेली. नवा मार्गदर्शक शोधते आहे. आपल्या विभागात सध्या माझ्याकडं कुणी चहालाही थांबत नाही.

तर लग्नाला माझ्याकडून आता काहीही आडकाठी नाही. हे वाक्य लिहिलं, खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

अट आहे, पण ती पूनमची. ती म्हणते, लग्न करीन, घरात ठरलंय, माणूस काही वाईट नाही. पण आधी त्यांनी प्रभु आणि सुंदरम्माच्या घरी यायचं, माझ्यासमोर, आणि स्वतःच्या तोंडानं सांगायचं की तुमचं रक्त माझ्या रक्ताशी मोजलं, माझ्यात दोष होता म्हणून तुमचा दिसला नाही. तुम्ही पुन्हा तपासा, मुलीलाही तपासा. एवढं एक वाक्य. ताईचं ती माणसं ऐकत नाहीत, ह्यांचं ऐकतील.

मी तिला म्हटलं, तो येणार नाही. ती म्हणाली, "येतील. तू कायम त्यांना कमीच धरतेस." येत्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी आम्ही दोघी तिथं असू. माझं खोटं ठरलं तर मी तुमच्या लग्नात करवली होऊन मिरवेन, आत्या सांगेल त्या रंगाची साडी नेसून.

विजयमाला


सोलापूर, १३ ऑक्टोबर

बिरुदेव,

तू आलास. तुझी गाडी त्यांच्या वाटेवर वळली तेव्हा पूनमनं माझ्याकडं बघितलं आणि मला खरंच लाज वाटली. मनात म्हटलं, विजे, तुला माणूस कळला नाही. ते वाटणं फार टिकलं नाही. पण वाटलं होतं, हे खोटं सांगणार नाही.

त्या दिवशी तुला कदाचित नीट दिसलं नसेल, म्हणून मला दिसलं ते लिहिते.

सुंदरम्मानं तुला खाटेवर बसवलं. सिद्धनाथ खाली घोंगडीवर होता, त्याच्या मानेखाली उशी. तू त्याच्याकडं बघायचं टाळलंस. प्रभु हात जोडून उभा, शेजारी त्याचा होणारा सासरा महादेवप्पा. पूनम दाराशी. ती हसत होती रे. लग्न ठरल्यापासून मी तिला इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

आणि तू घसा खाकरून म्हणालास, "प्रभु, मागच्या वेळी मशीनमध्ये जरा बिघाड होता. आता मशीन नवीन आलंय. पुन्हा एकदा रक्त देऊन टाका, काळजीचं कारण नाही."

मशीन!

तुझं वाक्य पाठ होतं. गाडीत घोकत आला असशील. शेवटच्या क्षणी तुझ्या तोंडून 'मी' एवढंच निघालं नाही.

प्रभुचा चेहरा सैल पडला. "मशीनच व्हय," तो म्हणाला. "मग लगीन उरकून देतो की निवांत. गडबड न्हाय न्हवं?"

"नाही नाही," तू म्हणालास. "निवांत."

तेव्हा पूनम दारातून पुढं आली. सोलापुरात ऑफिसात बोलते तसं बोलली नाही, घरचंच बोलली. "प्रभुदादा, मशीन चांगलंच हुतं. ह्यांनी तुमचं रगात सोताच्या रगताशी मोजलं. ह्यांच्यातबी त्योच दोश हाय, म्हनून तुमचा दिसला न्हाय. माज्या ताईतबी हाय. लाज वाटायसारकं त्यात काय न्हाय. लगनाच्या आदी दोगंबी तपासा."

मग सुंदरम्मानं तुला विचारलं, आवाज न चढवता, "व्हय का, सायेब?"

तू मोबाइल बघत होतास. तू म्हणालास, "तसं तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर..." आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलंस.

प्रभुनं सदऱ्याची बाही वर केली. महादेवप्पा म्हणाले, पोरीला उद्याच घेऊन येतो. मी नळ्यांची पेटी उघडली. पूनमनं तुझ्याकडं बघून विचारलं, "तुम्ही पण द्या ना आता. सगळेच देतायत." तुला ती विनवत होती, बिरुदेव, ते तुला कळलं का? अजूनही तुझ्यासाठी जागा ठेवत होती. तू म्हणालास, "मी हैदराबादला करून घेईन, इथं स्वच्छता नाही." सुंदरम्माच्या सारवलेल्या अंगणात उभा राहून तू हे म्हणालास.

पूनम सिद्धनाथजवळ जाऊन बसली आणि त्याची मान तिनं मांडीवर घेतली. तू निघालास, गाडी सुरू केलीस, तरी तिनं वर बघितलं नाही.

साखरपुड्याची साडी आणि अंगठी आण्णा स्वतः आत्याला परत पोचवतील. आण्णांना पूनमनं काय सांगितलं ते मला माहीत नाही. घरी आल्यावर ती त्यांच्याजवळ बसली आणि बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "विजे, मी तुला गप बस म्हणालो होतो." माझ्यासाठी तेवढं पुरे.

प्रभु वाहकच आहे. मुलीचा निकाल यायचा आहे. कसाही आला तरी काय करायचं ते त्यांचं ते ठरवतील, पण या वेळी खरं माहीत असून ठरवतील.

परत येताना एसटीत पूनम सुंदरम्मानं दिलेल्या शेंगा सोलत होती. ती रडेल असं मला वाटलं होतं. थोडी रडलीही, सांगोला मागं पडेपर्यंत. मग डोळे पुसून पुन्हा शेंगा सोलायला लागली. मी विचारलं, त्याला शेवटचं काही लिहायचं आहे का? ती म्हणाली, लिही की. तिचाच निरोप तिच्याच शब्दांत देते:

"त्याला म्हनावं, आता दुसरी पोरगी बगायला जाशील. पैलं तिला रगताचं सांग, मग पोहे खा. न्हाय सांगितलंस, तर मी येऊन सांगीन."

विजयमाला